घरचा नियम आणि टेबलावरचे युद्ध

गल्लीतल्या क्रिकेटमधला 'एक टप्पा आउट' हा नियम कोणत्याही क्रिकेट मंडळाने केलेला नाही. चेंडू समोरच्या बंगल्यात गेला की फलंदाज बाद, हाही नाही. धाकट्या भावंडाला 'लिंबूटिंबू' म्हणून खेळात घ्यायचे, पण त्याच्यावर राज्य येऊ द्यायचे नाही, हे तर कुठल्याच पुस्तकात नाही. तरीही हे नियम मोडले की भांडण होते, कारण ते सर्वांनी मानलेले असतात. छापील नियमांच्या जागी किंवा जोडीला एखाद्या गटाने आपल्यापुरते केलेले असे नियम म्हणजे 'घरचे नियम'. या लेखात त्यांचा विचार मी युद्धखेळांच्या, म्हणजे टेबलावर नकाशा किंवा छोटे सैनिक मांडून लढल्या जाणाऱ्या लढायांच्या संदर्भात करणार आहे.

या विषयाचे शिक्षण मला कोणत्याही संस्थेत मिळालेले नाही. जुनी नियमपुस्तके मिळवायची, वाचायची आणि त्यांतल्या लढाया चार-पाच मित्रांबरोबर खेळून पाहायच्या, एवढीच माझी पद्धत. या वाचनात एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. आज प्रमाण मानली जाणारी बरीच नियमपुस्तके कुणाच्या तरी घरच्या नियमांतूनच जन्मलेली आहेत. मग घरचा नियम खेळ केव्हा सुधारतो आणि केव्हा बिघडवतो? माझ्या मते हे नियमाच्या मजकुरापेक्षा तो कोणी केला, केव्हा केला आणि कोणाला लागू केला, यावर ठरते.

युद्धखेळांचे मूळ बुद्धिबळात आहे, आणि बुद्धिबळाचे आपल्या देशात. त्या खेळालाही घरोघरचे नियम होतेच. देशी बुद्धिबळात बहुतेक ठिकाणी प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर चाले आणि राजाला डावात एकदा घोड्याची उडी घेता येई. १७८० मध्ये जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या योहान हेलविग यांनी बुद्धिबळाचा पट कितीतरी मोठा केला आणि त्यावर डोंगर, पाणी, गावे आणली. पुढे प्रशियात गेओर्ग लेओपोल्ड फॉन राइसविट्झ यांनी १८१२ मध्ये राजाला एक युद्धखेळाचे टेबल सादर केले. त्यांच्या मुलाने, जो तोफखान्यात अधिकारी होता, १८२४ मध्ये नियमपुस्तक छापले. त्यात १:८००० प्रमाणाचा नकाशा होता आणि एक पाळी म्हणजे युद्धातली दोन मिनिटे. दोन्ही पक्ष आपले हुकूम मध्यस्थ पंचाकडे देत. ज्याला जेवढे दिसणे शक्य, तेवढेच पंच त्याला दाखवी. किती माणसे पडली हे फासे आणि तक्ते ठरवत. सरसेनाध्यक्ष म्युफलिंग यांनी या खेळाची शिफारस साऱ्या सैन्याला केली.

पुढच्या पन्नास वर्षांत नियम वाढले, तक्ते वाढले आणि पंच कारकून झाला. याकोब मेकेल यांनी १८७३ मध्ये यावर टीका केली. १८७६ मध्ये युलियस फॉन व्हेर्दी द्यू व्हेर्नुआ यांनी फासे आणि तक्ते बाजूलाच ठेवले. अनुभवी अधिकारी पंच असेल तर कोण मागे हटले हे तो सांगू शकतो, मग आकडेमोड कशाला, असा त्यांचा मुद्दा. याला 'मुक्त' युद्धखेळ म्हणतात. खेळ वेगवान झाला, चर्चा खुली झाली. पण सगळा भार एका माणसाच्या अनुभवावर आणि निःपक्षपातीपणावर आला. घरच्या नियमांबद्दलचे बहुतेक वाद आजही याच दोन टोकांमध्ये हेलकावे खात असतात. एका टोकाला पुस्तक, दुसऱ्या टोकाला माणूस.

इंग्लंडमध्ये हा खेळ छावणीतून दिवाणखान्यात आला तो एच. जी. वेल्स यांच्यामुळे. त्यांचे 'लिटल वॉर्स' १९१३ चे. स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने शिशाचे सैनिक पाडायचे, पायदळाने एका पाळीत एक फूट चालायचे, घोडदळाने दोन फूट. या पुस्तकाचा मला सर्वांत आवडणारा भाग म्हणजे नियम कसे घडले याची हकीकत. आधी नुसती नेमबाजी होती. मग सैन्याच्या हालचाली आल्या. खेळाडू विचार करत बसू लागले, म्हणून घड्याळ आले. मूठभर माणसे मोठ्या फौजेला अडवू लागली, तेव्हा एकट्या पडलेल्या लहान तुकडीने कैद व्हावे असे ठरले. प्रत्येक नियमामागे आधी एक अडचण आहे, मग दुरुस्ती आणि मग पुन्हा खेळून पाहणे. म्हणजे ते अख्खे पुस्तकच एका घरच्या नियमांची वही आहे.

घरचा नियम किती दूर जाऊ शकतो याचे उदाहरण अमेरिकेतल्या मिनेसोटाचे. तिथल्या एका गटातले डेव्हिड वेस्ली यांनी १९६९ मध्ये नेपोलियनच्या काळातल्या एका गावाची लढाई मांडली आणि प्रत्येक खेळाडूला सैन्याऐवजी एकेक माणूस दिला. पुस्तकात ज्याचे उत्तर नाही असे काही कुणी करायला निघाला, तर निर्णय पंच देई. याच गटातल्या डेव्ह आर्नेसन यांनी पुढे काल्पनिक मध्ययुगीन प्रदेश रचला. हाताशी होते ते १९७१ चे 'चेनमेल' हे नियमपुस्तक, आणि त्यात साधा सैनिक एका घावात मरे. पण महिनोन् महिने एकच पात्र खेळणाऱ्याला ते एका फाशात गमावणे सोसेना. तेव्हा आर्नेसन यांनी चिलखती जहाजांच्या लढाईच्या नियमांतली कल्पना घेतली. जहाज जसे काही मार सोसून मग बुडते, तसे माणसालाही काही घाव सोसता यावेत. आजच्या संगणकीय खेळांत पात्राच्या डोक्यावर आयुष्याची पट्टी दिसते, तिचे एक मूळ इथे आहे.

१९७४ मध्ये आर्नेसन आणि 'चेनमेल'चे एक लेखक गॅरी गायगॅक्स यांच्या नावाने 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' निघाला. पहिल्या हजार प्रती, पेटीत तीन पुस्तिका. उरलेले तुम्हीच ठरवा, असाच त्यांचा सूर होता. १९७७ ते १९७९ या काळात त्याच खेळाचे तीन जाड ग्रंथ आले आणि सूर पालटला. स्पर्धांत गावोगावचे अनोळखी खेळाडू समोरासमोर बसू लागले होते, त्यांना एकसारखे नियम हवे होते. १९७९ मध्येच आर्नेसन यांनी श्रेय आणि मानधनासाठी प्रकाशन कंपनीवर दावा लावला. १९८१ मध्ये तडजोड झाली. टेबलावर नियम सर्वांचा असतो, छापला की तो कोणाचा हा प्रश्न उभा राहतो.

आता दुसरी बाजू. मे १९४२ मध्ये जपानी नौदलाने मिडवे मोहिमेचा सराव 'यामातो' या युद्धनौकेवर टेबलावर केला. पंच मासाताके ओकुमिया यांनी फासे टाकले. अमेरिकी विमानांचे नऊ बॉम्ब लागले, 'आकागी' आणि 'कागा' या विमानवाहू नौका बुडाल्या. तेव्हा रिअर अॅडमिरल मातोमे उगाकी यांनी नऊचे तीन केले. 'आकागी' वाचली. 'कागा' बुडाली, पण सरावाच्या पुढच्या टप्प्यात तीही पुन्हा पाण्यावर दिसली. ओकुमिया यांनीच हे मित्सुओ फुचिदा यांच्यासोबत लिहिलेल्या पुस्तकात नोंदवले आहे. महिनाभरातच, ४ जूनला, प्रत्यक्ष लढाईत या दोन्ही नौकांना जीवघेणा मार बसला. मोहिमेतल्या चारही मोठ्या विमानवाहू नौका जपानने गमावल्या.

फाशांनी भविष्य सांगितले, असा याचा अर्थ मी काढत नाही. उंचावरून टाकलेले बॉम्ब चालत्या जहाजाला क्वचितच लागतात. नऊ हा आकडा जास्त होता, असा युक्तिवाद करता येतो. पण तसे असेल तर तक्ता सरावाच्या आधी दुरुस्त करायचा, आणि दोन्ही पक्षांसाठी. निकाल पाहून, एकाच बाजूसाठी, अधिकाराच्या जोरावर बदलला की तो घरचा नियम राहत नाही. ज्या शंकेसाठी सराव मांडला होता, तीच पुसली गेली.

आमच्या छोट्या गटातही आम्ही एक वही ठेवली आहे. फासा टेबलाखाली गेला तर पुन्हा टाकायचा, तोफा नदीतून उतरवायला पूर्ण एक पाळी लागते, असे साधे नियम तिच्यात आहेत. त्यावरून आणि वाचनावरून काही पथ्ये सांगतो. नियम डावाच्या आधी ठरवावा. मध्येच अडले तर त्या डावापुरता पंचाचा शब्द किंवा एक फासा मानावा, आणि वाद नंतर चहावर. नवा नियम तीन-चार डाव खेळूनच वहीत कायम करावा. नवा माणूस आला तर वही आधी त्याच्या हातात द्यावी, नाहीतर तो छापील पुस्तकाशी खेळतो आणि आपण वहीशी.

आणखी एक, जे सहज लक्षात येत नाही. नियम एकमेकांना बांधलेले असतात. समजा तोफेचा पल्ला २४ इंच आहे आणि घोडदळ एका पाळीत ८ इंच धावते. तोफेपर्यंत पोहोचायला त्याला तीन पाळ्या लागतात, तोवर तोफ तीनदा डागते. घोडदळ संथ वाटते म्हणून कुणी ८ चे १२ केले, तर तोफेला दोनच बार मिळतात. तोफेच्या नियमाला कुणी हात लावलेला नाही, तरी तिची एक तृतीयांश ताकद गेली. म्हणून जिथे दुखते तिथलाच नियम बदलावा, आणि बदलल्यावर शेजारचे नियमही तपासावेत.

पुस्तकाला शरण जाणारा गट आणि पुस्तक फेकून देणारा गट, दोघेही मला अर्धवट वाटतात. कुणाही नियमकर्त्याला प्रत्येक टेबलावरची प्रत्येक लढाई आधी दिसलेली नसते, म्हणून घरचा नियम लागतोच. पण हरणाऱ्यालाही जो डावाआधी मान्य होता आणि हरल्यानंतरही मान्य असतो, तोच खरा नियम. ही कसोटी लिंबूटिंबूच्या नियमाला लागते आणि आरमाराच्या सरावालाही.