फासे, गुणांक आणि पात्र : 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मधील समतोलाचा प्रश्न

कथनमीमांसेच्या अभ्यासकाने आजवर दुर्लक्षिलेला एक कथनप्रकार म्हणजे टेबलाभोवती बसून खेळला जाणारा रोलप्लेइंग गेम. येथे प्रत्येक खेळाडू एका पात्राच्या तोंडून बोलतो आणि एक खेळाडू भोवतालचे जग, इतर पात्रे व प्रसंग पुरवतो. या दुसऱ्यास 'डंजन मास्टर' म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यास सूत्रधार म्हटले आहे. अशी कथा मौखिक व बहुकर्तृक असते आणि बहुधा तिची संहिता मागे उरत नाही. उरतो तो नियमग्रंथ आणि पात्राचा तपशील लिहिलेला एक कागद. त्या कागदाच्या शिरोभागी काही आकडे असतात. हे आकडे कसे ठरावेत, ते सर्वांना समान असावेत काय, हा वाद गेली पन्नास वर्षे चालू आहे. वरकरणी तो गणिताचा वाटतो. वस्तुतः तो पात्रकल्पनेचा आणि कथेवरील हक्काचा वाद आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

१. फाशांनी दिलेले पात्र

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याचे मूळ युद्धखेळांत आहे. युद्धखेळात एका खेळाडूच्या हाती संपूर्ण सैन्य असते; त्यातील एखादी तुकडी दुबळी निघाली तरी खेळ थांबत नाही. नव्या खेळात मात्र खेळाडूच्या वाट्याला सामान्यतः एकच पात्र आले. पात्राला बळ, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चापल्य आणि व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव असे सहा गुण होते. प्रत्येकासाठी सहा बाजूंचे तीन फासे टाकून बेरीज मांडली जाई. म्हणजे प्रत्येक गुणांक ३ ते १८ यांच्या दरम्यान येई. या रीतीत सरासरी १०.५ पडते, जवळजवळ निम्मे गुणांक ९ ते १२ मध्ये येतात आणि १८ येण्याची शक्यता २१६ पैकी १ असते.

याचा साहित्यिक अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. येथे पात्र रचले जात नाही, ते सापडते. आकडे क्रमाने पडतात आणि मग खेळाडू विचार करतो की, असा हा मनुष्य कोण असेल? बुद्धी १५ आणि काटकपणा ६ असलेला जादूगार ही कोणी योजलेली व्यक्तिरेखा नव्हे; तिचा अर्थ नंतर लावावा लागतो.

हे चालू शकले, कारण १९७४ च्या नियमांत गुणांकांचे परिणाम मर्यादित होते. बळाचा तलवारीच्या घावाशी थेट संबंधही नव्हता. १९७५ च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीने तो जोडला आणि विषमता जाणवू लागली. १९७८ च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये तर पात्र टिकावयाचे असेल तर किमान दोन गुणांक १५ किंवा त्याहून अधिक असावेत, अशी अपेक्षा व्यक्त झाली. तीन फाशांची रीत ही अपेक्षा क्वचितच पुरी करते. म्हणून १९७९ च्या सूत्रधारासाठीच्या ग्रंथात चार फासे टाकून सर्वांत लहान अंक वगळावा व बेरजा हव्या त्या गुणांना द्याव्यात, असा पर्याय आला. सरासरी सुमारे १२.२ वर गेली आणि १८ येण्याची शक्यता ६२ पैकी १ च्या आसपास आली. परंतु महत्त्वाचा बदल सरासरीत नसून 'हव्या त्या गुणांना' या सवलतीत आहे. आता खेळाडू जादूगार व्हावयाचे आधी ठरवतो आणि सर्वांत मोठा आकडा बुद्धीला देतो. नियतीच्या हातून निवड निसटू लागली.

२. गुणांचे विकत घेणे

दुसरी परंपरा फासे बाजूलाच ठेवते. स्टीव्ह जॅक्सन यांच्या 'मेली' (१९७७) या द्वंद्वखेळात बळ व चापल्य प्रत्येकी ८ पासून सुरू होत आणि आणखी ८ गुण खेळाडूने दोहोंत वाटावयाचे असत. एकाचे अधिक ते दुसऱ्याचे उणे. 'चॅम्पियन्स' (१९८१) या महानायकांच्या खेळाने पुढचे पाऊल टाकले. मागावर असलेला शत्रू, जपावयाचे गुपित, अवलंबून असलेले आप्त अशा अडचणी पत्करल्या की त्या बदल्यात खर्चावयास अधिक गुण मिळतात. शोकांतिकेत नायकाचा प्रमाद त्याच्या विनाशास कारण होतो. येथे नायकाची उणीव हे चलन होते.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या तिसऱ्या आवृत्तीने (२०००) ही रीत पर्याय म्हणून दिली आणि २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ती पुढीलप्रमाणे स्थिरावली. प्रत्येक गुणांक ८ पासून सुरू होतो, खर्चावयास २७ गुण असतात आणि विकत घेऊन १५ च्या पुढे जाता येत नाही. १३ पर्यंत प्रत्येक पायरीस १ गुण लागतो, पुढील दोन पायऱ्यांस प्रत्येकी २. म्हणून १३ ची किंमत ५, तर १५ ची ९. नियमग्रंथातील १५, १४, १३, १२, १०, ८ हा तयार संचही हिशेबाने नेमका २७ गुणांचाच आहे.

चढत्या किमतीमागील हेतू एकांगी पात्रांना आळा घालण्याचा आहे. परिणाम मात्र नेहमी तसा होत नाही. आपल्या पेशास अनावश्यक असा गुण ८ वर सोडून द्यावा, हे खेळाडू लवकरच शिकतात. मग एका योद्ध्याचा कागद दुसऱ्या योद्ध्याच्या कागदासारखा दिसू लागतो. थिओफ्रास्टसने तीस स्वभावचित्रे रेखाटली, संस्कृत नाट्यमीमांसेने नायकाचे धीरोदात्तादी चार प्रकार मानले. नमुन्यांच्या त्या जगाकडे गुणखरेदीची रीत नकळत परतते. खेळाडूखेळाडूंत न्याय होतो, परंतु पात्रापात्रांतील भेद पुसट होतो. फासे अन्याय करतात, परंतु व्यक्ती घडवतात.

३. समतोल कशाचा?

समान खर्चाने समान सामर्थ्य मिळते काय? पाचव्या आवृत्तीत चापल्य हे बचाव, नेमबाजी, लपून जाणे आणि झुंजीत प्रथम वार करण्याची संधी अशा अनेक ठिकाणी उपयोगी पडते. बळाचे क्षेत्र त्यामानाने तोकडे आहे. किंमत मात्र दोहोंची एकच. शिवाय सूत्रधाराने कथा दरबारी कारस्थानांची रचली तर व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव अमूल्य ठरतो. तीच कथा निर्मनुष्य भुयारात नेली तर तो निरुपयोगी होतो. म्हणजे गुणांकाचे मूल्य कागदावर पूर्ण होत नाही, ते कथेत पूर्ण होते.

येथे खरा प्रश्न उघड होतो. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक अधिक १ म्हणजे यशाची शक्यता ५ टक्क्यांनी वाढणे. तिसऱ्या आवृत्तीपासूनच्या नियमांत १८ गुणांकास अधिक ४ मिळतात आणि ८ गुणांकास उणे १; म्हणजे दोघांत सामान्यतः २५ टक्के गुणांचे अंतर पडते. ज्याचे सर्वच आकडे खालचे आहेत, तो प्रत्येक प्रसंगात मागे राहतो. दार दुसरा उघडतो, राजाशी तिसरा बोलतो. असा खेळाडू केवळ दुबळे पात्र खेळत नसतो, तो कथेतील आपला वाटा गमावत असतो. समतोल हवा तो या वाट्याचा.

ही जाणीव दोन खेळांनी वेगळ्या प्रकारे दाखवली आहे. ग्रेग स्टॅफर्ड यांच्या आर्थरकथांवरील 'पेंड्रॅगन' (१९८५) या खेळात शौर्य व भीरुता, क्षमा व सूड अशा तेरा जोड्या आहेत आणि प्रत्येक जोडीची बेरीज २० असते. एका वृत्तीचा आकडा उतरला की विरुद्ध वृत्तीचा चढतो. त्यामुळे कमी आकड्यातूनही कथा जन्मते. एरिक वुजसिक यांच्या 'अँबर' (१९९१) या फासेविरहित खेळात प्रत्येकाजवळ १०० गुण असतात आणि चार गुणांसाठी खेळाडू उघड लिलाव करतात. रॉजर झेलाझ्नी यांच्या कादंबऱ्यांतील स्पर्धाग्रस्त राजकुल येथे कथेपूर्वीच, बोली लावणाऱ्या खेळाडूंच्या रूपाने, अस्तित्वात येते. समतोल मोडणे हीच कथेची सुरुवात होय.

४. आकड्यांतील गृहीतके

आकडे तटस्थ नसतात, हेही नोंदवले पाहिजे. १९७८ च्या ग्रंथात स्त्री-पात्रांच्या बळास पुरुष-पात्रांहून खालची कमाल मर्यादा होती. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने ती काढली. तिसऱ्या आवृत्तीतील अर्ध-ऑर्कास बळात अधिक २ मिळत, आणि बुद्धी व प्रभाव यांत प्रत्येकी उणे २. हिशेब जुळविण्याच्या निमित्ताने एक अख्खा वंश जन्मतःच मंदबुद्धी ठरत होता. २०२० च्या 'टॅशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग' या पुस्तकाने अशी वाढ हव्या त्या गुणास देण्याची मुभा दिली आणि २०२४ च्या 'प्लेयर्स हँडबुक'ने ती वंशाऐवजी पात्राच्या पूर्वायुष्याशी जोडली. रक्ताकडून अनुभवाकडे झालेला हा प्रवास कादंबरीच्या अभ्यासकास परिचित आहे.

तात्पर्य, गुणांक ठरविण्याची प्रत्येक रीत हा पात्राविषयीचा एकेक सिद्धांत आहे. पात्र तीन फाशांच्या रीतीत दैवदत्त असते, गुणखरेदीत लेखकनिर्मित, लिलावात परस्परसापेक्ष आणि जोड्यांच्या रीतीत अंतर्विरोधी. यांपैकी कोणती श्रेष्ठ, याचा निवाडा गणित करू शकत नाही. टेबलाभोवतीच्या प्रत्येकास कथा पुढे नेण्याची खरी संधी मिळते किंवा नाही, ही त्याची कसोटी आहे. तौलनिक अभ्यासकाने या खेळांचे नियमग्रंथ वाचावेत ते यासाठी. एरवी समीक्षेत अध्याहृत राहणारी पात्रविषयक गृहीतके तेथे कोष्टकांत, स्पष्ट आकड्यांनी मांडलेली आढळतात.