गुणपत्रिका आणि शेजारचा बाक

गरीब घरातील विद्यार्थी परीक्षेत मागे पडला, की त्याचे कारण आपण त्याच्या घरात शोधतो. पण वर्गातील इतर मुले कोणत्या घरांतून येतात, याचाही त्याच्या गुणांशी संबंध असतो काय?

अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी १९६६ साली लाखो विद्यार्थ्यांच्या पाहणीतून असा संबंध दाखविला. त्यावर आक्षेप असा, की चांगली शाळा शोधणारे पालक मुळातच जागरूक असतात. मग श्रेय शाळेचे की पालकांचे?

मेरिलँड राज्यातील माँटगोमेरी परगण्यात याचे उत्तर मिळाले. तेथे गरीब कुटुंबांना सरकारी घरे सोडतीने मिळत. म्हणजे मुलाची शाळाही बव्हंशी चिठ्ठीच ठरवी. अशा सुमारे ८५० मुलांच्या २००१ ते २००७ या काळातील प्रगतीचा हेदर श्वार्ट्झ यांनी अभ्यास केला. गरीब मुले अधिक असलेल्या शाळांना जादा पैसा व लहान वर्ग दिलेले होते. तरीही सुखवस्तू वस्तीतील शाळांत गेलेली गरीब मुलेच गणितात सरस ठरली. मात्र हा फरक स्पष्ट व्हायला पाच-सात वर्षे लागली.

पैसा निरर्थक आहे, असा याचा अर्थ नव्हे. परंतु एकत्र शिकण्याची उणीव तो एकटा भरून काढीत नाही. आपल्या कोठारी आयोगानेही १९६६ सालीच गरीब-श्रीमंत मुलांसाठी एकच शेजारशाळा सुचविली होती. ती शिफारस कागदावरच राहिली, आणि तिची किंमत गरीब मुलांच्या गुणपत्रिकांनी मोजली.