झुकलेलं वजन

फ्युचुरा या टाइपमधला इंग्रजी ‘ओ’ डोळ्यांसमोर आणा. कंपासने काढल्यासारखा गोल. जर्मनीच्या पॉल रेनर यांनी ही अक्षरं घडवली आणि १९२७ साली फ्रँकफर्टच्या बाउअर फाउंड्रीने ती बाजारात आणली. टोकांना सेरिफ, म्हणजे त्या बारीक शेपट्या, अजिबात नाहीत. आता हा ‘ओ’ जाड करा आणि उजवीकडे झुकवा.

वाटतं तितकं हे सोपं नाही. सारख्या जाडीचं कडं नुसतं कलवलं, की त्याचा वरचा उजवा आणि खालचा डावा भाग फुगतो, उरलेल्या दोन बाजू बारीक पडतात. ‘एक्स’ची एक रेघ लठ्ठ होते, दुसरी रोडावते. ‘एस’चा कणा जडावतो. बारीक अक्षरात हे खपून जातं. जाड अक्षरात एवढी शाई असते, की डोळ्याला लगेच खुपतं. म्हणून चांगला टाइप घडवणारा कलवून झाल्यावर पुन्हा एकेका वळणापाशी बसतो. कुठे केसभर तासतो, कुठे किंचित भर घालतो. गणिताला न पटणारा, पण डोळ्याला गोल दिसणारा ‘ओ’ असा तयार होतो. अक्षरांच्या दुनियेत याहून सुंदर काही मला माहीत नाही.

तिरप्या छापील अक्षरांचा जन्म व्हेनिसचा. १५०१ साली आल्डुस मानुटियस यांनी व्हर्जिलच्या कविता छापल्या त्या अशा अक्षरांत. खिळे फ्रान्चेस्को ग्रिफो यांनी कोरलेले, वळण हस्ताक्षराचं. फ्युचुराचं तिरपं रूप हाताच्या वळणाचं नाही. तिथे उभंच अक्षर कलतं, म्हणून त्याला इटॅलिक न म्हणता ओब्लिक म्हणतात.

जाडी म्हणते थांब, कल म्हणतो चल. ही ओढाताण अमेरिकन चित्रकर्ती बार्बरा क्रूगर यांनी नेमकी हेरली. कृष्णधवल छायाचित्र, त्यावर लाल पट्टी, पट्टीत फ्युचुरा बोल्ड ओब्लिकमधली पांढरी अक्षरं. १९८९ साली स्त्रियांच्या गर्भपाताच्या हक्कासाठी वॉशिंग्टनला मोर्चा निघाला, त्यासाठी त्यांनी केलेलं पोस्टर याच घाटाचं. दोन-चार शब्दांतच ही अक्षरं अंगावर येतात. पानभर मजकूर मात्र त्यांत लावू नये. सगळेच ओरडू लागले तर ऐकायचं कुणाचं?

आपल्या देवनागरीला हाच कल दिला तर वेगळीच गंमत होते. आडव्या रेघेवर कलाचा परिणाम होत नाही, त्यामुळे शिरोरेघ जागची हलत नाही. रोमन अक्षर पायावर उभं असतं, म्हणून ते डोकं पुढे काढतं. आपलं अक्षर रेघेला लटकलेलं. त्याचे पाय मागे राहतात, दोरीवरचे कपडे वाऱ्याने उडावेत तसे. आणि रेघेच्या वरच्या मात्रा तेवढ्या पुढे झेपावतात.