वऱ्हाडातील बालकांचा वाचा, भाषा व कारक विकास : बोली आणि विलंब यांतील भेद

प्रस्तावना

बालविकास हा विषय आपल्या महाविद्यालयांतून गृहविज्ञान, मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र अशा तीन विभागांत शिकविला जातो. तिन्ही ठिकाणी विद्यार्थ्यांच्या हाती विकासाच्या टप्प्यांचा एक तक्ता येतो : अमुक महिन्यात मान धरणे, अमुक महिन्यात बसणे, वर्षाच्या सुमारास पहिला शब्द, दोन वर्षांच्या सुमारास दोन शब्दांचे वाक्य. तक्ता उपयुक्त आहे यात शंका नाही. परंतु त्यातील मूल प्रमाण मराठी बोलणारे आहे, हे त्यात कोठेही लिहिलेले नसते. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील खेड्यांत अंगणवाडीत बसलेले तीन-चार वर्षांचे मूल बहुधा तसे बोलत नाही. त्याच्या तोंडी डोळ्याचा 'डोया' असतो, पाण्याचे 'पानी' असते आणि भूक लागली की ते 'मले भूक लागली' असे सांगते.

हे मूल वाचाविकासात मागे पडले आहे, की आपल्या घरची भाषा त्याने अचूक आत्मसात केली आहे? हा निर्णय चुकला तर त्याची झळ दोन्ही बाजूंनी लागते. धडधाकट मुलावर 'अशुद्ध बोलणारे' असा शिक्का बसतो आणि हळूहळू ते बोलणेच कमी करते. दुसरी चूक याहून गंभीर आहे. ज्या मुलाला खरोखर कमी ऐकू येते, त्याचे अस्पष्ट बोलणे 'खेड्यातली मुले अशीच बोलतात' म्हणून सोडून दिले जाते आणि उपचाराची मोलाची वर्षे निघून जातात. हा भेद कसा ओळखावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

वाचा आणि भाषा

सामान्य व्यवहारात वाचा व भाषा हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. विकासाच्या अभ्यासात ते वेगळे ठेवावे लागतात. ओठ, जीभ, टाळू, स्वरयंत्र व श्वास यांच्या साहाय्याने ध्वनी निर्माण करणे ही वाचा. शब्दांचा अर्थ समजणे, ते नियमाने जोडणे आणि त्यांतून आपला हेतू दुसऱ्यापर्यंत पोहोचविणे ही भाषा. दुभंगलेल्या टाळूच्या मुलाची भाषा उत्तम व वाचा सदोष असू शकते. याउलट, ऐकलेली जाहिरात सुरात म्हणून दाखविणाऱ्या एखाद्या मुलाला 'चप्पल आण' एवढी साधी सूचना कळत नाही. पालकांना पहिल्याची काळजी वाटते, दुसऱ्याचे कौतुक वाटते. तपासणाऱ्याने याच्या उलट क्रमाने विचार करावा हे बरे.

जन्मानंतर दोन-तीन महिन्यांत हुंकार सुरू होतात. सहा ते दहा महिन्यांच्या काळात 'बाबाबा', 'मामामा' अशी अक्षरांची आवृत्ती ऐकू येते. नऊ ते बारा महिन्यांत मूल बोट दाखवू लागते. आपल्याला दिसलेली वस्तू दुसऱ्यानेही पाहावी ही इच्छा त्या बोटात असते, म्हणून पहिल्या शब्दाइतकेच त्याला महत्त्व आहे. ओठ मिटून होणारे प, ब, म हे ध्वनी लवकर येतात. त, द, न त्यांच्या मागोमाग. वऱ्हाडी घरात 'माय' हा पहिल्या शब्दांपैकी एक असतो याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. क आणि ग यांच्या जागी त आणि द म्हणण्याची सवय बऱ्याच मुलांना असते व ती सहसा चौथ्या वर्षापर्यंत मोडते. र, श, ळ आणि जोडाक्षरे यांना सर्वांत अधिक वेळ लागतो. परक्या माणसाला दोन वर्षांच्या मुलाचे साधारण निम्मे, तीन वर्षांच्या मुलाचे तीन चतुर्थांश आणि चार वर्षांच्या मुलाचे जवळजवळ सर्व बोलणे समजावे, असा एक ढोबळ आडाखा तज्ज्ञ वापरतात. हा परका माणूस मुलाची बोली जाणणारा असावा, ही अट मात्र त्यात गृहीत असते.

वऱ्हाडीचे नियम

ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-पाहणीच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या मराठीविषयक सातव्या खंडात वऱ्हाडीची स्वतंत्र नोंद आहे. म्हणजे या बोलीला नियम आहेत ही गोष्ट शंभर वर्षांहून अधिक काळ छापील स्वरूपात उपलब्ध आहे. ळ या ध्वनीच्या जागी य येतो : काळा-काया, केळी-केयी, मूळ-मूय. ण या ध्वनीच्या जागी न येतो. शब्दारंभी इकारापूर्वीचा व गळतो, म्हणून विस्तू 'इस्तू' होतो. ला या प्रत्ययाच्या जागी ले येतो. चालू क्रियेसाठी 'करून रायला' अशी रचना वापरली जाते. प्रमाण भाषेत मुलगी 'मी जेवले' म्हणते. इकडची मुलगी 'मी जेवली' म्हणते आणि तिची आईही तसेच म्हणते.

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्र सिद्ध केले ते याच अमरावती जिल्ह्यातील ऋद्धपुरात. मराठी गद्याच्या आरंभकाळाशी ज्या भूमीचे नाते आहे, तेथील बोलीला 'बिघडलेली मराठी' म्हणणे इतिहासाला धरून नाही.

आता अडीच वर्षांचे एक मूल काळ्या शेळीकडे बोट दाखवून 'तायी' म्हणते असे समजू. प्रमाण मराठीच्या तक्त्याप्रमाणे 'काळी' या शब्दातील दोन्ही व्यंजने चुकली. प्रत्यक्षात क ऐवजी त आला तो वयामुळे. ळ ऐवजी य आला तो घरामुळे. पहिला फरक मूल चार वर्षांचे झाल्यानंतरही टिकून राहिला तर वाचोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. दुसऱ्यासाठी उपचार नाही, कारण तेथे दोषच नाही. तेच मूल अकोल्यातील एखाद्या प्रमाण मराठी बोलणाऱ्या कुटुंबातील असेल आणि घरात कोणीही 'काया' म्हणत नसेल, तर त्याच य ची गणना वयाच्या खात्यात करावी लागेल. ळ उशिरा येणारा ध्वनी असल्याने तेथेही अडीचव्या वर्षी चिंतेचे कारण नाही. अकोला, बाळापूर, अचलपूर येथील उर्दूभाषक घरांतील मुलांच्या बोलण्यात ळ आणि ण नसतात, त्याचाही विचार असाच व्हावा. थोडक्यात, मुलाची तुलना पाठ्यपुस्तकाशी करायची नसून त्याच्या माय-आजीच्या बोलण्याशी करायची आहे.

बोलीने ध्वनी बदलतात, प्रत्यय बदलतात. विकासाचे टप्पे बदलत नाहीत. वऱ्हाडी मूलही वर्षाच्या सुमारास पहिला शब्द बोलते, दोन वर्षांच्या सुमारास 'माय, पानी' असे दोन शब्द जोडते. दीड वर्षापर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नसणे, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द न जोडणे, वर्षाचे होऊनही बोट न दाखविणे आणि येत असलेले शब्द कोणत्याही वयात गमावणे, या लक्षणांना बोलीचे निमित्त कधीही देऊ नये.

कारक विकास

शरीराच्या मोठ्या व लहान स्नायूंवर ताबा येणे म्हणजे कारक विकास. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांचा अभ्यास करून २००६ साली जे कालावधी प्रसिद्ध केले, ते पाहिले म्हणजे 'शेजारचे मूल चालते, आमचे नाही' या चिंतेला बऱ्याच अंशी उत्तर मिळते. आधाराशिवाय बसणे ३.८ ते ९.२ महिने; आधाराशिवाय उभे राहणे ६.९ ते १६.९ महिने, स्वतंत्रपणे चालणे ८.२ ते १७.६ महिने. चालण्याच्या दोन टोकांत नऊ महिन्यांहून अधिक अंतर आहे आणि दोन्ही टोकांवरची मुले निरोगीच आहेत. त्या अभ्यासातील सुमारे ४ टक्के मुले हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. भारतीय बालकांसाठी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी १९७० मध्ये प्रमाणके सिद्ध केली. त्यांवर आधारलेली विकासमापन श्रेणी अडीच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी अद्याप वापरात आहे, आणि तिच्यात कारक विकासाच्या ६७ बाबी आहेत.

कारक विकास व भाषा यांचा संबंध पाठ्यपुस्तकांत दोन वेगळ्या प्रकरणांमुळे तुटतो. प्रत्यक्षात मूल बसू लागले की हात मोकळे होतात, वस्तू हाताळल्या जातात, त्या वस्तूंची नावे घरातील माणसे उच्चारतात. खुळखुळा तालात हलविणे व अक्षरांची आवृत्ती करणे या दोन क्रिया एकाच सुमारास सुरू होतात असे निरीक्षण आहे. चालू लागलेले मूल दूरची वस्तू उचलून माणसापर्यंत आणते व तिच्याविषयी बोलणे घडवून आणते; चालण्यास आरंभ झाल्यानंतर शब्दसंग्रह वाढल्याचे अभ्यासांत आढळले आहे. म्हणून आपल्याकडे अंगणात, ओसरीवर मुलाला मोकळे सोडण्याची जी रीत होती ती भाषेलाही पोषक होती. लाकडी पांगुळगाड्याला धरून मूल स्वतःच्या पायांवर उभे राहते. बाजारातील चाकांच्या वॉकरमध्ये मात्र ते टांगल्यासारखे बसते. त्याने चालणे लवकर येत नाही, उलट अपघात होतात, आणि या कारणास्तव कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली. भ्रमणध्वनीच्या पडद्याविषयी वेगळे लिहिण्याची गरज नाही. दोन वर्षांखालील मुलास तो देऊच नये.

श्रवण : पहिली तपासणी

बोलणे उशिरा येत असेल तर सर्वप्रथम कान तपासावेत. यात नवे काही नाही. तरीही व्यवहारात हेच शेवटी केले जाते. 'बापही उशिराच बोलला होता', 'जीभ जड आहे' अशी उत्तरे घरात तयार असतात. जिभेखालचा पडदा कापून घेतला जातो, वास्तविक त्याने काही उच्चार अडले तरी भाषेचे आकलन थांबत नाही. जिभेवर मधातून वेखंड चाटविण्याची चालही आढळते. एक वर्षाखालील मुलास मध देणे धोक्याचे आहे, आणि वेखंडाने कानाचा दोष जात नाही.

दाराच्या आवाजाने मूल दचकते, एवढ्यावरून ऐकू येते असा निष्कर्ष काढू नये. त्याला मोठे व खालच्या पट्टीतील आवाज ऐकू येत असतील, परंतु स, श, त यांसारखे ध्वनी निसटत असतील. कर्णबधिर बालकही आरंभी हुंकार देते. अक्षरांची आवृत्ती मात्र त्याच्यात लांबते वा येतच नाही. एका महिन्याच्या आत चाळणी, तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहा महिन्यांच्या आत श्रवणयंत्र वा अन्य उपाययोजना, हे जगभर स्वीकारलेले वेळापत्रक आहे.

मेळघाटातील दुहेरी प्रश्न

चिखलदरा व धारणी तालुक्यांत प्रश्नाचे स्वरूप बदलते. तेथील कोरकू ही मराठीची बोली नाही. ती मुंडा कुळातील, त्या कुळाच्या अगदी पश्चिम टोकाची भाषा आहे. तिच्यात एकवचन व अनेकवचन यांखेरीज द्विवचन आहे, आणि मराठीसारखी तीन लिंगे नाहीत. कोरकू मूल 'मोठा गाय' म्हणते तेव्हा ते मंद नसते, दुसरी भाषा शिकत असते. अशा मुलाचे शब्द मोजताना कोरकू, मराठी व हिंदी या सर्वांतील शब्दांची बेरीज करावी. मराठीतील वीस शब्द हा विलंब नव्हे, जर कोरकूत त्याला आणखी शंभर येत असतील.

पण येथे दुसरे टोक अधिक जपावे लागते. १९९३ पासून मेळघाटातील बालमृत्यू व कुपोषण यांची चर्चा राज्यभर झाली. तीव्र कुपोषणात स्नायू क्षीण होतात, रक्तक्षयाने मूल थकते, हालचाल व कुतूहल दोन्ही मंदावतात आणि शब्द मागे पडतात. म्हणून कोरकू मूल अंगणवाडीत गप्प असेल तर तीन शक्यता तपासाव्यात : मराठी कळत नाही, ऐकू येत नाही, किंवा अंगात त्राण नाही. पहिलीची शहानिशा मुलाच्या घरी जाऊन, कोरकू जाणणाऱ्या व्यक्तीसमोर पाच मिनिटांत होते. ती न करता उरलेल्या दोहोंविषयी मत देणे योग्य नाही.

महाविद्यालयांचे काम

विवाहानंतर काही काळ अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे अनुताई वाघ यांच्यासह बोर्डी व कोसबाड येथे शाळाच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्या कार्यातून रूढ झाला. १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेने तो गावोगाव पोहोचविला. अंगण आले, अंगणातील भाषा मात्र तपासणीच्या कागदावर आलेली नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली पालघर येथे झाला. त्यानुसार आरोग्य पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत जाऊन विकासातील विलंबासह तीस बाबी तपासावयाच्या असून पुढील उपचारांसाठी जिल्हा स्तरावर केंद्राची तरतूद आहे. पथकाला एका मुलासाठी मिळणारा वेळ थोडा असतो, आणि पथकातील व्यक्ती वऱ्हाडी वा कोरकू जाणणारी असेलच असे नाही.

ही उणीव भरून काढण्याचे साधन आपल्या मराठी व गृहविज्ञान विभागांकडे आहे. मुलांच्या रोजच्या ओळखीच्या चाळीस-पन्नास वस्तूंची चित्रे, प्रत्येक चित्रापुढे त्या त्या तालुक्यात प्रचलित असलेले सर्व उच्चार, आणि मुलाचा उच्चार जसाच्या तसा लिहिण्यास मोकळी जागा, एवढीच सामग्री लागते. पदवीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून ती आपापल्या गावातून गोळा करता येईल. विद्यार्थ्यांच्या आज्या यात प्राध्यापकांपेक्षा अधिक जाणकार ठरतील. केळीच्या चित्रासमोर 'केयी' हे उत्तर बरोबर म्हणून नोंदवावे. 'तेयी' आले तर मुलाचे वय पाहावे. उत्तरच आले नाही, तर वस्तू घरच्या भाषेत मागून पाहावी, आणि तरीही प्रतिसाद नसेल तर त्याच आठवड्यात श्रवणचाचणीची चिठ्ठी द्यावी.