बीटचा रस आणि सायकलपटूचा दमसास

नाशिकहून दिंडोरी-वणीमार्गे सापुताऱ्याकडे जाणारा रस्ता सुरगाणा तालुक्यातील बोरगाव ओलांडून हातगडाच्या दिशेने चढू लागतो, तेव्हा सायकलस्वाराच्या छातीच्या भात्याची आणि मांड्यांच्या स्नायूंची खरी परीक्षा सुरू होते. हे अंतर सुमारे ८० किलोमीटर. नाशिक जिल्ह्याला सायकलचे वेड आहे. डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका खंड पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने पूर्ण केली. अशा उदाहरणांनी प्रेरित झालेल्या तरुणांना आज एक प्रश्न पडतो : बीटच्या अर्काच्या महागड्या बाटल्या घेतल्याने दमसास खरोखर वाढतो काय?

या प्रश्नाचे मूळ नायट्रेट या क्षारात आहे. पिके तो जमिनीतून शोषून घेतात. बीट, पालक, मुळा आणि माठ यांत तो विपुल असतो. पोटात गेलेल्या नायट्रेटचा सुमारे चौथा हिस्सा रक्तावाटे पुन्हा लाळेत उतरतो. जिभेवरील उपकारक जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि ते गिळल्यावर शरीरात नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार होतो. हा वायू रक्तवाहिन्या सैल करतो, हे दाखवून देणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जंतुनाशक औषधाने चूळ भरल्यास जिभेवरील जिवाणू नष्ट होतात आणि ही साखळी तेथेच तुटते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.

२००७ मध्ये स्वीडनमधील संशोधकांना असे आढळले की, नायट्रेट घेतल्यानंतर सायकलवर तेवढेच काम करण्यास शरीराला कमी प्राणवायू लागतो. २००९ मध्ये इंग्लंडमधील एक्झिटर विद्यापीठात सहा दिवस बीटचा रस दिलेल्या पुरुषांनी कठीण व्यायाम सुमारे १६ टक्के अधिक वेळ टिकवला. या आकड्याने मोठी खळबळ उडाली. परंतु थकेपर्यंत पायडल मारणे निराळे आणि ठराविक अंतर कमी वेळात कापणे निराळे.

२०११ मध्ये क्लब दर्जाच्या नऊ सायकलपटूंची चाचणी झाली. तुलनेसाठी दिलेल्या रसातून नायट्रेट काढून टाकलेले होते, त्यामुळे चवीवरून फरक ओळखता येत नव्हता. १६.१ किलोमीटर अंतराचा वेळ २७.७ मिनिटांवरून २६.९ मिनिटांवर आला. पुढील वर्षी नेदरलँड्समध्ये प्रशिक्षित सायकलपटूंनी सहा दिवस रस घेऊन १० किलोमीटरचे अंतर ९६५ ऐवजी ९५३ सेकंदांत कापले. बारा सेकंदांनी शर्यतीचा निकाल फिरू शकतो, हे खरे. मात्र त्याच गटाने एकच मात्रा देऊन सुमारे तासाभराची चाचणी घेतली, तेव्हा काहीही लाभ दिसला नाही. उत्तम तयारीच्या आठ सायकलपटूंच्या ५० मैलांच्या चाचणीत, म्हणजे जवळजवळ नाशिक-सापुतारा अंतरात, वेळ सरासरी मिनिटभराने घटला; पण तो फरक योगायोगाचाही असू शकेल इतका लहान होता.

तात्पर्य, तयारी जितकी पक्की, तितका नायट्रेटचा लाभ कमी. दीर्घकाळच्या सरावाने शरीर स्वतःच पुरेसा नायट्रिक ऑक्साइड निर्माण करू लागते. शिवाय नायट्राइटपासून हा वायू प्राणवायूची टंचाई असलेल्या ऊतींत अधिक तयार होतो आणि मुरलेल्या सायकलपटूच्या स्नायूंत ती टंचाई कमी भासते. नवशिक्याला मात्र रसापेक्षा नियमित सराव कितीतरी अधिक देऊन जातो.

२०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी पुराव्याचा आधार असलेल्या मोजक्या पूरकांत नायट्रेटचा समावेश केला. स्पर्धेपूर्वी दोन ते तीन तास ३१० ते ५६० मिलिग्रॅम, अशी मात्रा त्यांनी सांगितली. पण एखाद्या आदिवासी कुटुंबाने नागली-भात विकून आलेले पैसे मुलाच्या हौसेपोटी परदेशी बाटलीवर खर्चावेत, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. हाच क्षार बाजारातल्या बीटमध्ये आणि परसातल्या माठातही असतो. फक्त जमीन, खत व ऊन यांनुसार त्याचे प्रमाण बदलते, म्हणून नेमके माप साधत नाही. भाजी उकडून पाणी फेकल्यास बराच नायट्रेट त्या पाण्याबरोबर जातो. ज्या मुलाला पोटभर भाकरी, डाळ आणि लोहयुक्त आहारच मिळत नाही, त्याच्या बाबतीत तर आधी तेथेच लक्ष द्यावयास हवे.

मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी आणि रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बीटचा रस नित्य घेऊ नये. रस प्रथम सरावाच्या दिवशी घेऊन पाहावा. काहींचे पोट बिघडते. दुसऱ्या दिवशी लघवी तांबूस झाल्यास घाबरण्याचे कारण नाही. तो बीटचाच रंग असतो.