दोन कोटी पस्तीस लाखांचा डावा कोपरा

ऑक्टोबर २०२३मध्ये प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाचा लिलाव मुंबईत झाला. प्रत्येक संघाकडे खेळाडूंसाठी ५ कोटी रुपये होते. त्यांतले २ कोटी ३५ लाख पुणेरी पलटणने एकाच माणसावर लावले. तो माणूस चढाईपटूही नव्हता. मोहम्मदरेझा शादलूई हा इराणचा डावा कोपरारक्षक. चिपळूण-संगमेश्वरपासून रत्नागिरीपर्यंत ज्यांचे गुडघे मातीच्या मैदानावर फुटले आहेत, त्यांच्यापैकी कितीतरी जणांना हा हिशेब पटला नाही. सामना चढाईवर जिंकतात, पकड करणारा फार तर हरू देत नाही, अशी आपल्याकडची जुनी समजूत आहे. त्या समजुतीत तथ्य नाही असे नाही, पण पुण्याचा निर्णय तिच्या मापाने मोजता येत नाही.

मग कोणत्या मापाने मोजायचा? मार्चमध्ये चषक मिळाला की ऑक्टोबरची खरेदी शहाणपणाची ठरते आणि नाही मिळाला की तोच कारभारी मूर्ख ठरतो. टीव्हीसमोर बसून असा निवाडा करणे सोपे आहे. गेल्या काही हंगामांत पुण्याने घेतलेले आणि सोडलेले खेळाडू पाहिले, तर हा निवाडा किती फसवा असतो ते दिसते.

या लीगमध्ये एका संघाने दुसऱ्याशी खेळाडूंची सरळ अदलाबदल करण्याला फारसे महत्त्व नाही. संघाची बांधणी तीन निर्णयांवर ठरते: कुणाला राखायचे, कुणाला सोडायचे आणि लिलावात कुणासाठी कुठपर्यंत हात वर ठेवायचा. राखलेल्या खेळाडूंचे पैसे थैलीतून आधीच वजा होतात. सोडलेला खेळाडू दुसऱ्याने घेतला, तर शेवटच्या बोलीइतकी रक्कम मोजून तो परत आणायचा पत्ता संघाच्या हाती असतो, पण असे पत्ते मोजकेच. याशिवाय नव्या तरुण खेळाडूंचा वेगळा गट आहे. त्यांना संघ लिलावाबाहेरून, ठरलेल्या मानधनावर घेतात आणि पुढे राखूही शकतात. माझ्या मते सगळी गंमत या गटात आहे. कोटींच्या बोलीचे मथळे होतात, संघ मात्र या मुलांवर उभा राहतो.

पुण्याने हे आठव्या हंगामापासून ओळखले होते. नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार आणि हरियाणाचा मोहित गोयत ही दोन मुले त्या हंगामात याच वाटेने आली. अनुप कुमार तेव्हा प्रशिक्षक होते. पुढच्या, २०२२च्या लिलावात संघाने १ कोटी ३८ लाख मोजून फझल अत्राचली आणला. इराणचा कर्णधार, लीगच्या इतिहासातल्या सर्वोत्तम बचावपटूंपैकी एक, आणि तोही डावा कोपरा. नवे प्रशिक्षक बी. सी. रमेश यांच्या हाताखाली पुणे पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोहोचले आणि जयपूरकडून २९-३३ असे हरले.

इथे पुण्याच्या कारभाऱ्यांनी, म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारी कैलाश कांडपाल आणि रमेश यांच्या चमूने, धाडस केले. अंतिम फेरी गाठून देणारा कर्णधार त्यांनी सोडून दिला. फझल तेव्हा तिशी ओलांडलेला होता. शादलूई विशीच्या सुरुवातीचा. पाटण्याने २०२१मध्ये त्याला ३१ लाखांत घेतले होते आणि त्या हंगामात त्याने पकडींचे ८९ गुण मिळवले, लीगमधले सर्वाधिक. शिवाय हा पठ्ठ्या चढाईलाही जातो. म्हणजे जागा तीच, वय कमी, आणि गरज पडली तर चौथा चढाईपटू फुकटात. लिलावाच्या रात्री एवढी माहिती सर्वांपुढे होती. एका खेळाडूवर थैलीतला जवळजवळ निम्मा पैसा घालणे पुण्याला परवडले, कारण अस्लम, मोहित, पंकज मोहिते, अबिनेश नादराजन, गौरव खत्री ही घरची फळी स्वस्तात हाताशी होती. दुसऱ्या एखाद्या संघाने हीच बोली लावली असती, तर मी तिला वेडेपणा म्हटले असते.

पुढे काय झाले ते बहुतेकांना ठाऊक आहे. साखळीत २२ पैकी १७ सामने जिंकले, फक्त २ हरले. शादलूई ९९ गुणांसह हंगामाचा सर्वोत्तम बचावपटू, अस्लम सर्वांत मौल्यवान खेळाडू. १ मार्च २०२४ला हैदराबादेत हरियाणाला २८-२५ हरवून पुण्याने पहिला चषक उचलला. त्या अंतिम सामन्यात पारडे फिरवले ते पंकज मोहितेने, एका चढाईत चार गडी टिपून. महागड्या कोपऱ्याने हंगामभर घर राखले आणि शेवटच्या दिवशी स्वस्तातल्या चढाईने चषक आणला. दोन्ही एकाच हिशेबाचे भाग आहेत.

त्याच लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतले. तोवरची सर्वांत मोठी बोली. पवन चांगलाच खेळला. टायटन्सने २२ सामन्यांत २ जिंकले. पवनच्या मागे उभे राहायला कुणी नव्हते, आणि ते लिलावाच्या रात्रीही दिसत होते.

पण पवनचीच आदल्या वर्षाची गोष्ट वेगळी. २०२२मध्ये तमिळ थलैवाजने त्याला २ कोटी २६ लाखांना घेतले आणि पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून तो हंगामाबाहेर गेला. सगळा पैसा पाण्यात. तरीही तो संघ पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोहोचला, कारण नरेंदर कंडोला नावाच्या नवख्या पोराने पदार्पणातच २४३ चढाईगुण केले. ही खरेदी वाईट म्हणायची की चांगली? माझ्या मते ती वाईट नव्हती, तिचे नशीब वाईट होते. नरेंदरला संघात ठेवण्याचा निर्णय मात्र मथळ्याविना घेतला गेला आणि तोच खरा ठरला.

सोडण्याचे निर्णय तर अधिकच गैरसमजाचे धनी होतात. चंदगडचा सिद्धार्थ देसाई यू मुंबाने २०१८मध्ये ३६ लाख ४० हजारांना घेतला. पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे दोनशेहून अधिक गुण केले. पुढच्या वर्षी टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. आपला मराठी गडी मुंबईने जाऊ दिला, म्हणून तेव्हा बरीच आदळआपट झाली. त्या हंगामात यू मुंबा उपांत्य फेरीत होती आणि टायटन्स तळाजवळ. सिद्धार्थ तिथेही दोनशेच्या वर गेला होता.

हा प्रश्न कबड्डीपुरता नाही. कॅनडात आइस हॉकीचा देव मानला जाणारा वेन ग्रेट्झकी ९ ऑगस्ट १९८८ला एडमंटनहून लॉस एंजेलिसला गेला. मालक पीटर पॉकलिंग्टन यांना रोकड हवी होती. दीड कोटी डॉलर, जिमी कार्सन, मार्टिन जेलिना आणि पुढच्या नव्या खेळाडूंच्या निवडीतले तीन पहिले हक्क एवढा मोबदला त्यांनी घेतला. सरकारने हा सौदा रोखावा अशी मागणी एका खासदाराने केली. लोक आजही त्याला विश्वासघात म्हणतात. पण दोनच वर्षांनी, १९९०मध्ये, ग्रेट्झकीविना एडमंटनने स्टॅन्ली चषक जिंकला. जेलिना त्या संघात होता. कार्सन टिकला नाही, तेव्हा व्यवस्थापक ग्लेन सॅदर यांनी त्याला डेट्रॉइटला देऊन बदल्यात जे गडी आणले, त्यांतले बहुतेकही त्या संघात होते. लॉस एंजेलिसला ग्रेट्झकी असताना चषक एकदाही मिळाला नाही. मालकाचा हेतू मला आवडत नाही, पण सॅदर यांची पुढची मांडणी अव्वल होती. सौदा एका दिवशी संपत नाही. मिळालेल्याचे पुढे काय केले, तिथे त्याचा निकाल लागतो.

पुण्याकडे परत येऊ. ऑगस्ट २०२४च्या लिलावात त्यांनी शादलूईला जाऊ दिले. हरियाणा स्टीलर्सने २ कोटी ७ लाखांची बोली लावली आणि पुण्याने आपला पत्ता वापरला नाही. अस्लम दुखापतीने बाहेर गेला आणि गतविजेते पहिल्या सहांतही आले नाहीत. २९ डिसेंबरला अंतिम सामना खुद्द पुण्यात, बालेवाडीत होता. हरियाणाने पाटण्याला ३२-२३ हरवले आणि शादलूईने चषक पुन्हा उचलला, या वेळी पुण्याच्या प्रेक्षकांसमोर, दुसऱ्याच्या जर्सीत. हरलेल्या पाटण्यात चिपळूणचा शुभम शिंदे होता, म्हणून रत्नागिरीकरांना ती रात्र दुप्पट लागली.

त्या रात्री पुण्याच्या कारभाऱ्यांना शिव्या घालणे रास्तच वाटत होते. पण वर्षभर थांबा. २०२५मध्ये शादलूईसाठी गुजरातने २ कोटी २३ लाख मोजले. संघ पहिल्या आठांतही आला नाही. म्हणजे हा खेळाडू असला की चषक येतोच, असे नव्हते. तो ज्या फळीत उभा राहतो ती फळी आधी हवी. पुण्याने ती फळी राखली होती. अजय ठाकूर नवे प्रशिक्षक झाले, अस्लम परतला, साखळीत पुणे अव्वल राहिले आणि ३१ ऑक्टोबरला दिल्लीत अंतिम फेरीत उतरले. दबंग दिल्लीने त्यांना ३१-२८ हरवले. दिल्लीच्या डाव्या कोपऱ्यात कोण होते? पुण्याने दोन वर्षांपूर्वी सोडलेला फझल अत्राचली. कथा म्हणून हे झकास आहे, पुरावा म्हणून कमकुवत. तीन गुणांनी गेलेला एक सामना दोन वर्षांपूर्वीचा निर्णय चुकीचा ठरवू शकत नाही, विशेषतः त्या निर्णयातून मधल्या काळात चषक आलेला असताना.

माझे मत सरळ आहे. २०२३ची खरेदी उत्तम होती. २०२४मध्ये त्याच खेळाडूला नाही म्हणणेही बरोबर होते, त्या वर्षाने त्याची शिक्षा दिली तरीही. चार हंगामांत तीन अंतिम सामने खेळणाऱ्या संघाच्या कारभाऱ्यांना अडाणी म्हणायचे असेल, तर शहाणा कोण ते आधी सांगावे लागेल.

लिलाव नवा आहे. खेळाडू फिरवणे नवे नाही. प्रो कबड्डी २०१४ला आली. त्याआधी महाराष्ट्रात खेळाडूची बोली नोकरीच्या रूपात लागायची. रेल्वे, पोलीस, बँका, भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, महिंद्रा यांचे संघ व्यावसायिक गटात उतरत आणि गावचा चांगला गडी कायम नोकरीसाठी तिकडे जाई. कोकणातून गिरणगावात गेलेल्या चाकरमान्यांच्या मंडळांनी मुंबईची कबड्डी घडवली, आणि मे महिन्यात वा शिमग्याला तेच गडी गावच्या संघातून उतरत. त्या वेळी कुणाला बोलवायचे, कुणाला बसवायचे, बाहेरचा पाहुणा गडी घ्यायचा की घरचे पोर उतरवायचे, हे वाद मंडळाच्या ओट्यावर रंगत. कांडपाल आणि सॅदर यांच्यासमोरचा प्रश्न वेगळा नाही, रक्कम तेवढी वेगळी.

फरक आहे तो नोंदीचा. लीगमधली प्रत्येक चढाई, प्रत्येक पकड लिहिली जाते, म्हणून वरचा सगळा वाद घालता आला. आपल्याकडे मंडप उतरला की गुणपत्रकही रद्दीत जाते. वायफळ चढाया कुणी मोजत नाही, कोणत्या कोपऱ्यात पकड झाली ते लिहीत नाही. निवड मग आठवणीवर होते, आणि शेवटच्या सामन्याची आठवण सगळ्यांत मोठ्याने बोलते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडळांना माझी विनंती आहे: येत्या हंगामात प्रत्येक सामन्याला गुणलेखकाशेजारी एक शाळकरी मुलगा किंवा मुलगी वही घेऊन बसवा. चढाई कुणाची, गुण किती, पकड कुणी आणि कुठे केली, एवढेच चार रकाने. मोबाइलवर त्याचा फोटो काढा आणि वही मंडळाच्या कपाटात ठेवा.