मुरलेली ओल



चारठाण्याची काळी जमीन उन्हाळ्यात हातभर भेगाळते. पाहणाऱ्याला वाटते, माती मेली. पण पहिल्या पावसाचे पाणी त्याच भेगांतून खोल उतरते. पावसाळा सरता सरता पेरलेली रब्बीची ज्वारी या मुरलेल्या ओलीवरच वाढते. थंडीत पाऊस नसतो, तरी कणसे भरतात.

दिवाळीच्या सुमारास कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि प्रार्थनेला तीन-चार जणच उरतात. माझे मन खचते. मग शिवारातली ज्वारी पाहून यशया ५५ व्या अध्यायातला पाऊस आठवतो. वचनही असेच मुरते. वरून दिसत नाही, पण मुळांना पोहोचते.

फडावर गेलेल्या आपल्या कुटुंबांसाठी प्रार्थना करा.